दुसऱ्या शाखेआधी मेकॅनिकची दुसरी फेरी

प्रिय ताई,

वाचकांना कळावं म्हणून तुमच्या पत्रातला मजकूर आधी थोडक्यात सांगतो. सहा वर्षांपूर्वी नोकरी सोडून तुम्ही एसी आणि फ्रिज दुरुस्तीला लागणाऱ्या सुट्या भागांचं वितरण सुरू केलं. आज १८० मेकॅनिकांची खाती तुमच्याकडे आहेत. बहुतेक सगळे एकटे, फार तर हाताखाली एखादा पोरगा घेऊन फिरणारे. विक्री दर वर्षी वाढते आहे, पण बँकेत पैसा दिसत नाही. आता तीन वाटा पुढे आहेत. ६० किलोमीटरवर दुसरी शाखा काढायची; एका उत्पादक कंपनीने देऊ केलेलं एकमेव वितरकपद वार्षिक टार्गेटसकट घ्यायचं; किंवा धाकटा भाऊ म्हणतो तसं आपणच दुरुस्तीची सेवा सुरू करायची. आणि शेवटी, पहिल्या दिवसापासून काउंटर सांभाळणारा तुमचा माणूस हल्ली विचारतो, ‘ताई, पुढे माझं काय?’

तुम्ही ओघात लिहून गेलात ते एक वाक्य मला या सगळ्यात मोलाचं वाटलं. ‘सकाळी आठ ते अकरा काउंटरवर पाय ठेवायला जागा नसते आणि दुपारी आम्ही माश्या मारत बसतो.’ तुमच्या बहुतेक प्रश्नांचं उत्तर या वाक्यात दडलंय, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

सकाळी गर्दी होते कारण मेकॅनिक रात्री फोनवर दिवसाची कामं लावतो, सकाळी माल उचलतो आणि मग जिने चढायला लागतो. दुपारी तो गच्चीवर असतो, म्हणून तुमचा काउंटर रिकामा. तरी दुपारी चार-पाच जण येतच असतील. त्यांच्याकडे नीट बघा. ते घाईत असतात, चिडलेले असतात, गाडी चालू ठेवूनच आत डोकावतात. त्यातल्या एकाच्या हातात फुगलेला कपॅसिटर (मोटर चालायला लागणारा छोटा विजेचा भाग) आहे, त्यावरचा छापील आकडा उन्हाने उडालाय. ‘पस्तीस होता बहुतेक, शेजारी पाच.’ म्हणजे कॉम्प्रेसरसाठी ३५ मायक्रोफॅरड (कपॅसिटरची क्षमता मोजायचं माप) आणि पंख्यासाठी ५, असा दुहेरी कपॅसिटर. तुमच्याकडे दुहेरी संपलाय. काउंटरवरचा पोरगा नवखा असेल तर ‘नाही’ म्हणेल आणि तो माणूस पुढच्या दुकानाकडे गाडी वळवेल. जाणता असेल तर म्हणेल, ‘३५ चा एक आणि ५ चा एक असे दोन सुटे नेऊन लाव. व्होल्टचा आकडा वरचा चालतो, खालचा चालत नाही. मायक्रोफॅरड मात्र जुळवूनच लाव.’ या तीन वाक्यांनी त्या मेकॅनिकचा तासभर वाचला, आणि त्याच्या ग्राहकाचा दिवस.

तो तास म्हणजे तुमचा खरा माल. मेकॅनिक दिवसाला चार-पाच कामं करतो. एका सुट्या भागासाठी परत यावं लागलं तर त्यातलं एक काम बुडतं, आणि त्या एका कामाची मजुरी तुमच्या कपॅसिटरच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त असते. म्हणून तो भावात घासाघीस करताना दिसतो खरा, पण जिथे सगळं एका फेरीत मिळतं तिथेच पुन्हा जातो. तुमचे १८० लोक तुमच्याकडे का येतात, असं तुम्ही विचारलं आहे. माझ्या मते याचसाठी येतात. आणि जे सोडून जातात, तेही याचसाठी जातात.

आता एक हिशेब मांडतो. तो मला कुणी वेळेवर सांगितला असता तर माझी निम्मी धडपड वाचली असती. समजा एका दुरुस्तीला पाच वस्तू लागतात: कपॅसिटर, काँटॅक्टर (कॉम्प्रेसरची वीज चालू-बंद करणारा स्विच), तांब्याच्या नळीचा तुकडा, इन्सुलेशन, गॅस. तुमच्याकडे कुठलीही वस्तू शंभरातल्या ९० वेळा शिल्लक असते. ऐकायला ९० टक्के चांगले वाटतात. पण पाचही वस्तू एकाच वेळी मिळण्याची शक्यता ०.९ चा पाचदा गुणाकार, म्हणजे साधारण ५९ टक्के. शंभरातले ४१ मेकॅनिक काहीतरी अर्धवट घेऊन तुमच्या दारातून बाहेर पडतात. हाच आकडा प्रत्येक वस्तूमागे ९७ वर नेलात तर पाचही वस्तू मिळणारे साधारण ८६ होतात. शाखा एकच, गिऱ्हाईक तेच, आणि पुरती पिशवी घेऊन जाणारे शंभरामागे २७ वाढले. ही वाढ तुम्हाला ६० किलोमीटर लांब जाऊन शोधायची गरज नाही.

म्हणून उद्यापासून काउंटरवर एक वही ठेवा. जो माल मागितला आणि ‘नाही’ म्हणावं लागलं, त्याची नोंद: तारीख, वस्तू, कुणी मागितली, पर्याय दिला का. तुमचं संगणकावरचं सॉफ्टवेअर फक्त विकलेलं दाखवतं. न विकलेलं त्याला दिसत नाही. मेकॅनिकसमोर लिहून घ्या, म्हणजे त्यालाही कळतं की आपलं म्हणणं नोंदलं गेलं. दोन महिने ही वही प्रामाणिकपणे भरलीत तर खरेदी कशी करायची हे ती तुम्हाला कुठल्याही सल्लागारापेक्षा चांगलं सांगेल.

मग तुम्ही म्हणाल, साठा वाढवायला पैसा कुठून आणू? इथे तुमच्या दुसऱ्या कोड्याकडे येऊ, विक्री वाढते तरी पैसा दिसत नाही ते. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून माल सरासरी ७० दिवस फडताळावर असतो, विकल्यावर वसुलीला ५० दिवस लागतात आणि पुरवठादार तुम्हाला ३० दिवसांची मुदत देतात. ७० अधिक ५० वजा ३०, म्हणजे ९० दिवस तुमचा पैसा अडकलेला. वर्षाच्या उलाढालीचा जवळजवळ चौथा हिस्सा. उलाढाल १०० वरून १४० झाली की अडकलेला पैसा २५ वरून ३५ होतो. वरचे १० आणायचे कुठून? सगळा खर्च वजा जाता तुमच्या हातात १०० मागे ४ उरतात, म्हणजे १४० वर साडेपाचच्या आसपास. वाढ तुमचा सगळा नफा खाऊन वर कर्ज मागते आहे. यात कुणी चोरी केलेली नाही, तुमचीही चूक नाही. वितरणाच्या धंद्याचा हा स्वभावच आहे, आणि चांगले चालणारे धंदे वाढता वाढताच गुदमरतात ते यामुळे.

यावर पहिला इलाज फडताळावर आहे. तुम्ही २३०० प्रकारच्या वस्तू ठेवता. गेल्या बारा महिन्यांत ज्यांचा एकही नग हलला नाही, त्या आधी काढून बाजूला ठेवा. पुरवठादाराला परत जातील त्या परत करा, बाकीच्या पडत्या भावात काढा. मन घट्ट करावं लागतं, मला माहीत आहे. मग उरलेल्या वस्तूंकडे नफ्याची टक्केवारी आणि फेरे अशा दोन्ही अंगांनी बघा. एका वस्तूवर खरेदीच्या १२ टक्के सुटतात आणि ती वर्षात बारा वेळा फिरते: १०० गुंतवले तर वर्षाला १४४ सुटले. दुसरीवर ३५ टक्के सुटतात, पण ती वर्षातून एकदाच फिरते: तिथे ३५ च. मेकॅनिकची पिशवी पुरी व्हावी म्हणून हळू फिरणाऱ्या काही वस्तू ठेवाव्याच लागतात, पण त्या एकेक-दोनदोन नगच ठेवा. एकगठ्ठा घेतल्यावर मिळणारी सवलत बघून घेऊ नका.

दुसरा इलाज उधारीत आहे आणि तो जास्त नाजूक आहे. एकटा मेकॅनिक बँकेच्या दारात उभा राहू शकत नाही. त्याची बँक तुम्हीच. उधारी बंद करा असं मी म्हणणार नाही, या धंद्यात ते जमत नाही आणि करूही नये. पण हे लक्षात ठेवा, १०० मागे ४ उरतात त्या धंद्यात १०० ची उधारी बुडाली तर ती भरून काढायला २५०० ची विक्री लागते. मी स्वतः बेअरिंग आणि बेल्टच्या वितरणात सव्वीस वर्षं काढली. आठव्या वर्षी एक मोठा ठेकेदार माझ्या येणे बाकीचा तिसरा हिस्सा एकटा धरून होता. त्याची ऑर्डर आली की आम्ही खूश व्हायचो. तो बुडाला तेव्हा मी तीन वर्षं त्याच्यासाठी राबलो, माझ्यासाठी नाही. शंभर छोटी खाती मिळून जेवढा घोर लावत नाहीत तेवढा ते एक खातं लावून गेलं. तेव्हापासून कुठल्याही एका खात्याकडे एकूण येणे बाकीच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त जाऊ द्यायचं नाही, हा माझा नियम झाला.

तुमच्या १८० जणांसाठी पद्धत साधी ठेवा. प्रत्येकाची मर्यादा ठरवा आणि ती त्याला तोंडी न सांगता लिहून द्या. वसुलीचा वार आठवड्यातून एक, सगळ्यांना एकच. मेकॅनिकला रोज पैसे मिळतात, म्हणून त्याला महिन्याच्या हिशेबापेक्षा आठवड्याचा सोपा जातो. महिनाअखेरीपर्यंत त्याच्या हातातून ते वाहून गेलेले असतात. वसुलीचे ५० दिवस ३० वर आले तर अडकलेल्या ९० दिवसांतले २० सुटतील. दुसऱ्या शाखेसाठी बँकेकडे जायच्या आधी हा पैसा आपल्याच खतावणीतून सोडवून घ्या. आणि एक गोष्ट जिवाला लावून सांगतो: जो मेकॅनिक आजारपणाने किंवा मंदीच्या महिन्यांमुळे थकलाय, त्याच्याशी बसून बोला, हप्ते पाडून द्या. जो फोन उचलायचा थांबलाय त्याचा माल थांबवा. दोघांना एकाच काठीने हाकू नका.

आता तुमच्या भावाच्या सूचनेबद्दल. याचं उत्तर मी ठामपणे ‘नको’ असं देईन. त्याचा हिशेब वरवर बरोबर आहे: दुरुस्तीत मजुरी सुटते, भागांवरचा नफाही घरातच राहतो. पण ज्या दिवशी तुमचा माणूस दुरुस्तीला एखाद्या घरी जाईल, त्या दिवशी तुमच्या १८० गिऱ्हाइकांपैकी कुणाचं तरी घर सुटेल, आणि संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांना कळलेलं असेल. आज ते तुमच्या काउंटरवर मोकळेपणाने बोलतात, कुठल्या सोसायटीत किती मशीन बसणार आहेत हे सांगतात. ते बोलणं त्या दिवशी बंद होईल. शिवाय हा धंदा विखुरलेला आहे त्याला कारणं आहेत. काम ग्राहकाच्या घरीच होतं, सुरू करायला भांडवल थोडं लागतं, ग्राहक कंपनीच्या नावापेक्षा ओळखीच्या माणसाला बोलावतो, आणि एकट्या माणसाची चिकाटी पगारी माणसात सहसा येत नाही. उत्पादक कंपनीला या शेकडो छोट्या माणसांपर्यंत पोचणं परवडत नाही, त्यांना थेट कंपनीकडून दोन नग मागवणं परवडत नाही. या विखुरलेपणावरच तुमचं पोट चालतं. भावाला उत्साह असेल तर त्याला वसुली आणि डिलिव्हरी द्या. तिथे माणसाची खरी गरज आहे.

कंपनीच्या एकमेव वितरकपदाबद्दल मी इतका ठाम नाही. चांगलं नाव हाताशी असलं की काउंटरला वजन येतं. पण करार वाचताना तीन गोष्टी शोधा. टार्गेट चुकलं तर काय होतं? न विकलेला माल कंपनी परत घेते का आणि कशा भावाने? आणि कराराच्या काळात कंपनी तुमच्याच भागात ऑनलाइन किंवा थेट विकू शकते का? वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात टार्गेट भरण्यासाठी गोदाम भरून घेणारे मी बरेच पाहिले आणि एके वर्षी त्यात मीही होतो. बक्षीस मिळालं, पुढचे सात महिने तो माल काढण्यात गेले. तुमचा धंदा तर हंगामी. उन्हाळा सरल्यावर उरलेला माल पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पैसा अडवून बसतो. दुसऱ्या कंपन्यांचा माल ठेवायला बंदी असेल तर मात्र हे पद नाकारा. गच्चीवर असलेलं मशीन कुठल्या कंपनीचं आहे हे मेकॅनिकच्या हातात नसतं, त्याला सगळ्यांचेच भाग लागतात.

आता शाखा. मुळात कल्पना वाईट नाही, घाई वाईट आहे. आधी त्या दिशेला आठवड्यातून दोन दिवस ठरलेल्या वेळी गाडी पाठवा. त्या वाटेवर किती थांबे होतात ते मोजा. एका फेरीत चार थांबे असतील तर डिझेलही सुटणार नाही; तीच गाडी तेवढ्याच वाटेवर पंधरा ठिकाणी थांबायला लागली की प्रत्येक थांब्यामागचा खर्च एकदम खाली येतो. वितरणात अंतरापेक्षा दाटी कामाला येते. त्या भागातली चाळीसेक खाती सहा महिने नियमाने माल घेऊन वेळेवर पैसे देऊ लागली, की शाखेची जागा कुठे घ्यायची हे गाडी चालवणाराच तुम्हाला सांगेल.

तुमच्याच व्यवसायातलं एक उदाहरण देतो. अमेरिकेतली वॉट्स्को ही कंपनी १९८९ मध्ये एसीच्या वितरणात उतरली आणि ठिकठिकाणचे जमलेले वितरक विकत घेत वाढली. त्यांचं एक धोरण मला फार शहाणपणाचं वाटतं: विकत घेतलेल्या धंद्याचं जुनं नाव आणि जुनी माणसं त्यांनी बऱ्याच ठिकाणी तशीच ठेवली. मेकॅनिक ज्या माणसाला ओळखतो त्याच्याकडेच जातो, हे त्यामागचं साधं कारण. तुमच्या आसपास थकत आलेले, पुढची पिढी दुकानात न येणारे एखाददुसरे वितरक असतील. नवी शाखा शून्यातून उभी करण्याआधी त्यांच्याशी एकदा बसून बोला.

दुसरं उदाहरण फास्टनल या नट-बोल्ट विकणाऱ्या कंपनीचं. बॉब कीर्लिन यांनी मित्रांना घेऊन १९६७ मध्ये विनोना या मिनेसोटातल्या छोट्या गावात ती सुरू केली. नट-बोल्ट यंत्रातून विकायची त्यांची मूळ कल्पना तेव्हा जमली नाही, म्हणून त्यांनी साधं दुकान टाकलं. पण काही दशकांनी त्याच कंपनीने गिऱ्हाइकांच्या कारखान्यांतच अशी यंत्रं बसवली. माल गिऱ्हाइकाच्या हाताशी नेऊन ठेवायचा, हा विचार त्यांनी सोडला नव्हता. तुम्हाला यंत्रं नकोत. तुमच्या सगळ्यात चांगल्या २० मेकॅनिकांना प्रत्येकी एक पेटी द्या, त्यात त्याला वारंवार लागणारे पंचवीसेक भाग. दर आठवड्याला वसुलीच्या दिवशीच पेटी तपासायची, वापरलेलं बिलात धरायचं, रिकामं भरून द्यायचं. त्याची दुपारची फेरी वाचते, तुमची विक्री त्याच्या गाडीतच होते. पेटीतला माल तुमचाच राहतो, म्हणून तो त्याच्या उधारीच्या मर्यादेत धरा आणि सही घ्या.

आणि दुपारच्या त्या रिकाम्या वेळेचं काय करायचं? शिकवा. तुमच्या व्यवसायात सध्या गॅस बदलतो आहे आणि एकट्या मेकॅनिकला हे समजावून सांगणारं कुणी नाही. ओझोनचा थर वाचवण्यासाठी झालेल्या १९८७ च्या माँट्रियल करारामुळे आर-२२ या जुन्या एसी गॅसचं उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद होत आलं. विकसित देशांत ते २०२० पासून जवळपास थांबलंच. त्याच्या जागी आलेल्या आर-४१०ए चा दाब आर-२२ च्या साधारण दीडपटीहून जास्त असतो, म्हणून दाब मोजायचे जुने गेज आणि पाइप त्यावर वापरणं धोक्याचं. तो दोन वायूंचं मिश्रण असल्याने द्रवरूपातच भरावा लागतो. माँट्रियल करारात २०१६ मध्ये झालेल्या किगाली दुरुस्तीनंतर त्यालाही उतरती कळा लागली आणि आर-३२ पुढे आला, तो थोडा ज्वलनशील. ज्याने वीस वर्षं आर-२२ भरला, त्याने बंद खोलीत आर-३२ ची नळी ब्रेझिंगने, म्हणजे ज्वाळेवर तापवून डाग देऊन, जोडताना काय काळजी घ्यायची हे कुठे शिकायचं? तुमच्या काउंटरमागच्या खोलीत. आठवड्यातून एक दुपार, दहा जण, एक उघडलेलं मशीन, कंपनीचा तंत्रज्ञ बोलवा. फी घेऊ नका. यात विक्री दडलेली आहे हे खरं, पण मी त्यासाठीच सांगत नाही. ही माणसं जिवावरचं काम करतात आणि तुम्हाला त्यांची नावं माहीत आहेत.

राहता राहिला तुमचा काउंटरवाला. सहा वर्षं त्याने फोनवरचा आवाज ओळखून खातं उघडलंय, कुणाकडे कुठली मशीन आहेत हे त्याला पाठ आहे. तो गेला तर तुमच्या धंद्याचा मोठा तुकडा त्याच्याबरोबर चालत जाईल आणि समोरच्या दुकानात बसेल. पगार थोडासा वाढवून तो थांबेल असं मला वाटत नाही. त्याला आजच सांगा की दुसरी शाखा निघेल तेव्हा ती तो चालवेल, तिच्या नफ्यात त्याचा ठरलेला हिस्सा असेल, आणि तोपर्यंतच्या वर्षभरात त्याने एक माणूस स्वतःसारखा तयार करायचा. हिस्सा किती ते कागदावर लिहा, उधारी बुडाली तर ती त्या हिश्श्यातून कशी वजा होईल तेही लिहा. ‘नाही’ म्हटलेल्या मालाची वही त्याच्याच हाती द्या. दोन महिन्यांनी ती घेऊन तुम्ही दोघं बसा आणि मग मला पुन्हा लिहा. शाखेच्या जागेबद्दल आपण तेव्हा बोलू.